सूक यिनच्या खोलीतला दिवा

मलेशियातल्या इपोहमध्ये आमच्या शेजारी याउ सूक यिन राहायची. आई गेली तेव्हा तिचा भाऊ चीहाँग रांगत होता. शाळेचे गणवेश शिवून तिने त्याला वाढवलं. तो तिला काजे म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "याचं शिक्षण होऊ दे आधी." ते झालं, तो सिंगापूरला गेला, तिथेच त्याने लग्न केलं. हिचं राहिलं ते राहिलंच. पुढे काचबिंदूने डोळे गेले आणि शिलाई सुटली. माणसांचे चेहरे दिसत नव्हते, पण उजेड कळायचा. खिडकी कुठे आहे, दिवा लागलाय का, समोरून कुणी गेलं का, एवढं. "तेवढं पुरे आहे मला," म्हणायची.

मग चीहाँग बायकोला घेऊन कायमचा परतला आणि त्याने घराचं काम काढलं. सगळ्या घराचे दिवे एकाच जागेवरून चालवायचे होते. भिंतींवरची बटणं जाणार, दाराशी एक काचेची पाटी बसणार आणि बाकी सगळं मोबाइलवर.

ते ठरत होतं त्या दुपारी मी तिथेच होते. वेई लून नावाचा डिझायनर नकाशा पसरून एकेक खोली विचारत होता. पाहुणे आले की कुठले दिवे लागतील, जेवताना कुठले मंद होतील, सिनेमा बघताना कुठले विझतील. चीहाँगच्या बायकोने, मेई फूंगने, फुलदाणीसाठीसुद्धा वेगळा दिवा मागून घेतला.

"आणि ही मागची खोली?" त्याने विचारलं.

"तिथे नको," मेई फूंग म्हणाली. "काजेला काय, दिवस काय नि रात्र काय."

सूक यिन कोपऱ्यात शेंगा सोलत होती. "मला उजेड कळतो," ती म्हणाली. "स्वयंपाकघर वाढवताय, त्यात माझी खिडकी जाणार. दाराजवळ एक साधं बटण ठेवा माझ्यासाठी."

"कळतो म्हणतेस?" चीहाँग उठला आणि त्याने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. "मग सांग, बॅटरी लावलीय की नाही?"

घराची सगळी दारं उघडी होती, ऊन पार आतपर्यंत आलं होतं. तिने मान जरा तिरकी केली. "लावलीस."

"आता?"

"आता... घालवलीस."

"काजे, मी लावलीच नाही अजून."

मेई फूंग तोंडावर हात ठेवून हसली. वेई लूनने नकाशातून डोकं वर काढलं नाही.

मी म्हटलं, "अंधाऱ्या खोलीत नेऊन विचार की. एवढ्या उन्हात मलाही सांगता आलं नसतं."

"आंटी, तुमच्या घराचं काम काढाल ना, तेव्हा तिथलं तुम्ही ठरवा," मेई फूंग म्हणाली.

शेवटी वेई लूनने त्या खोलीत एक दिवा बसवला. उद्या घर विकायचं झालं तर बिनदिव्याची खोली बरी दिसणार नाही, हे चीहाँगला पटलं. बटण मात्र नव्हतं. दिवा मेई फूंगच्या मोबाइलवरून लागायचा. खिडकी गेल्यावर ती खोली दिवसाही काळीकुट्ट असायची. सूक यिनला दिवा हवा असला की हाक मारावी लागे.

पहिल्यांदा मेई फूंगने सहज फसवून पाहिलं. "लावलाय गं."

"नाही लावलास," सूक यिन म्हणाली.

मग मेई फूंगला त्यात गंमत वाटू लागली. माजाँगच्या सोंगट्या खेळायला मैत्रिणी आल्या की ती त्यांना मागच्या खोलीच्या दाराशी घेऊन जायची. दिवा लावायची, घालवायची. "सांग काजे, आता? आणि आता?" सूक यिन पलंगाच्या कडेला बसून उत्तरं द्यायची. सगळी बरोबर. मैत्रिणी टाळ्या पिटायच्या. चीहाँग दिवाणखान्यातून ऐकायचा. एकदा म्हणाला, "पुरे करा, चहा थंड होतोय."

थोड्या दिवसांनी सूक यिन मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायला लागली. मैत्रिणींचा हिरमोड झाला आणि खेळ बंद पडला. तिने मला कुंपणाशी बोलावून सांगितलं, "सुटले बाई."

पण चीहाँगने त्याचा वेगळाच अर्थ काढला. आता तिला उजेडही कळत नाही, मग दिवा कशाला? त्याने वेई लूनकडून त्या दिव्याची तार व्हरांड्यातल्या माशांच्या टाकीकडे वळवून घेतली.

"अगं, खरं सांगून टाक त्याला," मी म्हटलं.

"काय सांगू? घरातल्यांशी खोटं बोलत होते म्हणून?"

"मग माझ्याकडे ये राहायला."

"लोक चीहाँगला नावं ठेवतील."

ती त्या खोलीतच राहिली. चिनी नववर्षाच्या सकाळी मी रिवाजाप्रमाणे संत्री घेऊन गेले. तिला हाताला धरून अंगणात आणलं, खुर्चीवर बसवलं. कोवळं ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं, तरी तिची पापणी लवली नाही.

"आंटी," तिने विचारलं, "बाहेर कधी जायचं?"

चीहाँग पाहुण्यांना घर दाखवत होता. त्याने ते ऐकलं. "मी तेव्हाच म्हटलं होतं," तो त्यांना म्हणाला आणि जेवणाच्या खोलीचे दिवे मंद करून दाखवायला पुढे गेला.

मी संत्रं सोलून तिच्या हातात दिलं. तिने ते सावकाश खाल्लं आणि बिया तळहातात जमवत राहिली.