दाराबाहेरचा आशीर्वाद

आमच्या चर्चच्या पंचांचे प्रमुख दानिएलराव यांनी माझ्या दाजींना फसवलं. आजारी माणसाला खोटा शब्द दिला आणि त्याला त्याच्या जागेवरून उठवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण शोकसभेत सगळे गोड बोलले आणि हे एकानंही काढलं नाही.

दाजी म्हणजे शिमोनराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहागडहून आत गेलं की एक छोटं गाव लागतं, तिथल्या मंडळीचे ते पाळक. ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडीगोद्रीच्या माझ्या टायरच्या दुकानात एका ट्रकवाल्याशी भावावरून हुज्जत घालत होतो. अक्का फोनवर रडली नाही. एवढंच म्हणाली, "ये. अन् इथं येऊन भांडू नको." नवरा गेलेल्या बाईनं पहिलं वाक्य हे बोलावं, याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता...

मी पंक्चर काढत काढत वर आलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय मी काही घेत नाही आणि देतही नाही. देवाशीही माझा तसाच व्यवहार होता: मी रविवारी येतो, तू माझं दुकान बघ. दाजींना हे माहीत होतं. त्यांची लुना सारखी पंक्चर व्हायची, आणि ट्यूब पाण्यात बुडवून मी बुडबुडे शोधत असताना ते समोरच्या बाकड्यावर बसून चहा प्यायचे. असंच एकदा मी त्यांना छेडलं.

"दाजी, उपासना संपताना तुम्ही हात वर करून जो आशीर्वाद देता, तो तर मोशेच्या काळचा. यहुद्यांच्या याजकांचा. आपण तो म्हणायचा म्हंजे दुसऱ्याच्या मालावर आपला शिक्का मारायचा की न्हाई?"

"मालकानंच वाटायला काढला तर तू कोण अडवणारा?" दाजी म्हणाले. "तू सौद्यातला माणूस. मला सांग, त्या आशीर्वादात अट कुठंय?"

मी मनातल्या मनात घोळवून पाहिलं. देव तुझं भलं करो, तुला राखो. त्याच्या चेहऱ्याचा उजेड तुझ्यावर पडो. त्यानं तुझ्याकडं तोंड करावं आणि तुला शांती द्यावी. इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तुम्ही अमुक करा मग मी तमुक देतो, असं त्यात कुठंच नाही. असा सौदा मी बाजारात पाहिलेला नाही.

चेहऱ्याचं मात्र मला लगेच कळलं. सौदा मोडायचा असला की मी समोरच्याकडं बघतच नाही. टायरकडं बघत बोलतो. माणूस समजतो आणि निघून जातो. देव तसं करत नाही, एवढंच त्या आशीर्वादात सांगितलंय, असं दाजी म्हणाले. मग पुढं बोलले, "अन् आपल्याला तो कसा लागू, म्हणशील तर... येशू स्वर्गात वर गेला तेव्हा हात उचलून आशीर्वाद देत देत गेला. ते हात खाली घेतल्याचं कुठं लिहिलेलं न्हाई. आपले आजे गावकुसाबाहेरचे, सगळ्याच दारांच्या बाहेर उभे होते रे. त्या हातांखाली आले म्हणून आत आले."

हे त्यांचं म्हणणं पुढं त्यांनाच नडलं.

आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. पंचांनी ज्याला शिक्षा म्हणून शिस्तीखाली ठेवलं, त्यानं गाणी म्हणावीत, उपदेश ऐकावा, पण शेवटच्या आशीर्वादाआधी उठून बाहेर जावं. राहेलबाई ही आमच्यातली विधवा. तिनं मुलीचं लग्न एका बौद्ध मास्तरांच्या मुलाशी, त्यांच्या पद्धतीनं लावून दिलं. पोरगी सुखात आहे. पण दानिएलरावांनी राहेलबाईला शिस्तीखाली टाकलं. पहिल्या रविवारी ती पदर सावरत उठली आणि बाहेर जाऊन चपलांजवळ उभी राहिली. आत सगळे माना खाली घालून आशीर्वादाची वाट बघत होते.

दाजी वेदीपासून निघाले. मधल्या वाटेनं चालत थेट दारापर्यंत आले, उंबऱ्यावर उभे राहिले, बाहेर तोंड करून हात उचलले आणि तिथून आशीर्वाद दिला. आतल्यांना पाठ दिसली. राहेलबाईला चेहरा.

त्यानंतर प्रत्येक रविवारी तेच. गाव दाजींच्या घराशी बोलेनासं झालं. अक्का पाण्याला गेली की हापशावरच्या बाया बादल्या उचलून चालू लागायच्या. दानिएलराव कधी आवाज चढवत नसत; ते फक्त म्हणायचे, "पाळकसाहेब, मंडळीत शांती राहू द्या." मला त्या आवाजाची भीती वाटायची. ओरडणाऱ्याशी मी भांडू शकतो.

"शांती म्हंजे गप्प बसणं न्हाई," दाजी मला म्हणायचे. "एकही माणूस कमी नसणं, ती शांती."

मग त्यांची छाती बिघडली. खोकला सुटला की चेहरा काळा पडायचा. मी भेटायला गेलो त्या दिवशी दानिएलराव माझ्या समोरच घरातून बाहेर पडले आणि माझ्याकडं न बघता गेले. आत दाजी उशीला टेकून बसले होते. बऱ्याच दिवसांनी हसत होते.

"मिटलं बघ. मी पाळकपण सोडतो. त्याच्या बदल्यात राहेलबाईला शेवटपर्यंत बसू देणार. दानिएलराव बायबलवर हात ठेवून बोलले."

"कोणाच्या समोर?" मी विचारलं.

"देवाच्या."

"दाजी, तुम्ही आधी खुर्ची दिली! माल हातात यायच्या आधी? तिला एक रविवार बसू द्यायचं, मंग उठायचं की न्हाई?"

"तुझ्या दुकानात बराबर आहे ते. आशीर्वादात अट घालत न्हाई, तर शब्दात कशाला घालू?"

पुढच्या रविवारी नवे पाळक आले. शेवटच्या गाण्याला दानिएलरावांनी राहेलबाईकडं पाहून बोटानं दार दाखवलं. ती गेली. दार आतून लावून घेतलं. अक्कानं घरी येऊन दाजींना सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. माझ्याकडंही पाहिलं नाही. तसेच गेले...

मातीच्या वेळी मी अक्काचं ऐकलं. गप्प राहिलो. पेटी खाली उतरवली, माती टाकली, आणि आशीर्वादाची वेळ आली तसे दानिएलराव हळूच राहेलबाईजवळ गेले. "बाई, फाटकाबाहेर." ती निघाली. तिच्या मागोमाग अक्का निघाली. नुकती विधवा झालेली बाई नवऱ्याच्या कबरीकडं पाठ करून फाटकाबाहेर गेली आणि राहेलबाईचा हात धरून उभी राहिली. नव्या पाळकांचे हात अर्धे उचललेले होते. त्यांनी दानिएलरावांकडं पाहिलं. दानिएलरावांनी मान हलवली. हात पूर्ण वर गेले, आणि पाठ फाटकाकडंच राहिली.

आता अक्काला पंचांचा निरोप आलाय की पाळकाचं घर तिच्याकडंच राहील, फक्त तिनं शांती ठेवावी. तिनं उत्तर पाठवलेलं नाही. रात्रीची कडी मात्र दोनदा तपासते. येत्या रविवारी ती राहेलबाईला घेऊन पहिल्या बाकावर बसणार आहे आणि शेवटच्या गाण्याला दोघी उठणार नाहीत. काय होईल ते मला माहीत नाही. मी दाराला पाठ लावून उभा असेन, म्हणजे ते लावता येणार नाही.

दानिएलराव, हे तुम्ही वाचालच. तुम्ही शब्द दिला होता की नाही, ते त्या दिवशी मंडळीसमोर उभं राहून सांगा. आणि दिला होता तर देवानं ज्या बाईकडं तोंड केलंय, तिला बाहेर काढायला तुम्हाला कोणी सांगितलं, त्याचं नाव घ्या.