निळी वायर

काल एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाने वायरवरची जुनी टेप सोलली आणि त्या चिकट, डांबरी वासासरशी मी यशवंतपूरच्या गॅरेजात पोचले.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते. ऑपरेशननंतर आईला बेळगावला मावशीकडे आडवं झोपवून न्यायचं होतं, म्हणून बाबांनी आत पलंग असलेली एक जुनी व्हॅन घेतली होती. एप्रिलचं ऊन, आणि एसीतून नुसता गरम वारा. म्हातारे मेकॅनिक गोविंदअण्णा दोन दिवस इंजिनापाशी एसीची निळी वायर पुढे कुठे जाते ते शोधत होते.

"अण्णा, उद्या निघायचंय हो!" बाबा वैतागले.

"स्वल्प थांबा, साहेब."

मी पलंगावर पुस्तक घेऊन बसले होते. फळीच्या फटीतून दिसलं, निळी वायर टेपच्या एका गोळ्यापाशी संपत होती आणि तिथून पुढे काळी जात होती. पलंग बसवताना कुणीतरी जोड दिला होता आणि तो सुटला होता. पण बाबांसमोर अण्णांना हे कसं सांगायचं? बाबा कॉफी आणायला गेल्यावर मी नुसतं बोट दाखवलं.

बाबा परतले तेव्हा व्हॅन गार होत होती. "शाबास, अण्णा!"

"मी कुठला? ह्या धाकट्या अक्कानं शोधलं!" अण्णांनी शेजारच्या गॅरेजलाही ओरडून सांगितलं.

मला भयंकर राग आला. मी त्यांची लाज राखायला बघत होते आणि हे गावभर सांगत होते. आज कळतं, त्यांना लाज वाटलीच नव्हती. त्यांना फक्त आईची गाडी गार व्हायला हवी होती.