कोरी करंगळी

माझी धाकटी बहीण निळी होती. असं सांगितलं की लोकांना वाटतं मी काहीतरी सजवून बोलतेय. अजिबात नाही. तिचे ओठ जांभळट, जीभ जांभळट, आणि नखं तर जांभळं खाऊन हात न धुतल्यासारखी. बोटांची टोकं गोल, फुगीर. थोडं धावली की जिथं असेल तिथं ती उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन, आणि श्वास ओढत राहायची. शाळेच्या दारात, भर रस्त्यात, संत्र्यांच्या हातगाडीपुढे, कुठंही. येणाऱ्याजाणाऱ्या बायका म्हणायच्या, काय हट्टी पोरगी आहे. मला त्यांचा इतका राग यायचा की मी तोंडावर बोलून मोकळी व्हायचे. तोंडाळ म्हणून माझं नाव तेव्हापासून आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

आमच्या वस्तीतल्या पोरींना मात्र कुणी काही समजावलं नव्हतं. धरापकडी खेळताना ती बसली की सगळ्यांनी बसायचं, हा नियम कधी झाला ते आठवतही नाही. जिच्यावर राज्य तीसुद्धा बसायची. मग आम्ही सगळ्या मातीत उकिडव्या. कुणी रेघोट्या ओढतेय, कुणी चिंचोका चघळतेय. ती उठली की खेळ पुढे चालू. एखादी पाहुणी पोरगी विचारायची, "काहून बसल्या वं साऱ्या?" आम्ही म्हणायचो, "असंच राह्यते आमच्याकडे." तसा खेळ मी पुन्हा कुठं पाहिला नाही, आणि अजूनही संध्याकाळी पोरं खेळताना दिसली की मला तो आठवतो.

छप्पन साली माझ्या आईवडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर घरात नवस नाही, गंडादोरा नाही, दृष्ट काढणं नाही. कुणी हळूच सुचवायचं, रामटेकला नेऊन आणा पोरीला एकदा. माय सुचवणारीला चहा पाजायची आणि विषय बदलायची. आमच्या घरी नवस बोलायची सोयच नव्हती. बाकीच्या आयांना निदान देवाशी भांडता यायचं. माझ्या मायजवळ फक्त डॉक्टर होता.

त्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. मधल्या पडद्याला छिद्र, फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, म्हणून खराब रक्त चांगल्यात मिसळतं. असं लेकरू क्वचित जन्मतं, म्हणाले. ती उकिडवी बसते तेही बरोबरच करते, तसं बसलं की तिला श्वास पुरतो. बाबांनी विचारलं, "ऑपरेशन नाही केलं तर?" डॉक्टर म्हणाले, वय वाढेल तसं हृदय थकत जाईल. बाबा कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, आवाजात काम करून मोठ्यानं बोलायची सवय. त्या दिवशी घरी येताना ते मायशी कुजबुजत पैशांचा हिशोब करत होते.

ऑपरेशन दक्षिणेकडच्या एका मोठ्या दवाखान्यात होणार होतं. निघायच्या आदल्या दिवशी पोरींनी तिला ओट्यावर बसवून नखांना लालभडक नेलपॉलिश लावलं. कुणाच्या तरी लग्न झालेल्या बहिणीची बाटली होती ती. निळं दिसू नये म्हणून. माझी बहीण रेल्वेत सगळा प्रवासभर हात पुढे धरून बसली होती, राणीसारखी.

वॉर्डात गेल्या गेल्या नर्सनं उग्र वासाच्या बोळ्यानं तो सगळा रंग पुसून काढला. मोडक्या हिंदीत म्हणाली, "रंग नहीं. डॉक्टर को नाखून दिखना." ऑपरेशन चालू असताना नखांवरून रक्ताचा रंग कळतो, एवढाच त्याचा अर्थ. बहीण रडली. मायनं मात्र ते वाक्य गाठीशी बांधून घेतलं.

शेजारच्या खाटेवर आंध्रातली एक बाई होती, मायच्याच वयाची. तोच आजार, जन्मापासूनचा. एवढं वय गाठणारे फार थोडे, असं सगळे म्हणायचे. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची नाही. पण दम लागला की ती दोन खाटांच्या मध्ये उकिडवी बसायची, आणि माझी बहीण तिच्यासमोर जाऊन बसायची. दोघी एकमेकींकडे पाहून हसायच्या. आयुष्यभर आपणच एकटी असं बसतो असं त्या बाईला वाटलं असेल. तिनं बोटांच्या टोकांना मेंदी लावली होती, तिकडच्या पद्धतीनं, नखांसकट. ती काही बोळ्यानं निघाली नाही.

तिचं ऑपरेशन आधी झालं. ती परत आली नाही. डॉक्टरांनी मायला सांगितलं, हृदय फार थकलेलं होतं, लहान लेकरं जास्त चांगलं सोसतात. मायनं मान डोलावली. बाहेर व्हरांड्यात येऊन मला म्हणाली, "त्याईले तिची नखं दिसली नाही वं." मी म्हटलं, माय, तसं नाही. ती ऐकायला तयारच नव्हती. नवस, गंडे, सगळं सोडलेली माझी माय, तिनं त्या व्हरांड्यात स्वतःपुरता एक नवा नियम तयार केला. बारा वर्षांची मी काय समजावणार तिला?

बहिणीच्या ऑपरेशनसाठी बाबा रजा काढून आले. नंतर आम्हाला दारातूनच बघू दिलं. नळ्या, पट्ट्या, आणि चादरीच्या खालून बाहेर आलेले दोन पाय. माय त्या पायांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे कोणाचे पाय होत?" गुलाबी होते ते. बाबा तिथंच भिंतीला टेकून रडले.

नागपूरला परतून बरेच महिने झाल्यावर ती पहिल्यांदा धरापकडी खेळली. धावते आहे, धावते आहे, आणि आम्ही सगळ्या ती बसायची वाट बघतोय. ती बसेचना. शेवटी आम्हीच दमून खाली बसलो. मला इतका आनंद झाला की मी भोकाड पसरलं.

मायला मात्र विश्वास बसला नाही. रोज सकाळी शाळेला निघताना दारात, "नखं दाखव." कॉलेजला जायला लागली तरी, "नखं दाखव." नेलपॉलिश बंद, मेंदी बंद. बहीण चिडायची, "ताईले चालते, मले काहून नाही?" तपासणीचे डॉक्टर हसून म्हणायचे, आई, आता पुरे. माय म्हणायची, "हो डॉक्टर साहेब," आणि रिक्षात बसल्या बसल्या तिचा हात ओढून घ्यायची. मी मायला थट्टेनं म्हणायचे, तुह्या दीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांत ही तेविसावी कुठून आली? तिला राग यायचा, पण हात सोडायची नाही.

मग बहिणीचं लग्न ठरलं. मुलाला, त्याच्या घरच्यांना ऑपरेशनचं सगळं सांगितलेलं होतं. लग्नाच्या सकाळी ती नेलपॉलिशची बाटली घेऊन बसली. म्हणाली, आज मी रंगवणारच. मायनं बाटली हिसकून घेतली. पाहुण्यांनी भरलेल्या घरात दोघींचं कडाक्याचं भांडण. बहीण म्हणाली, "मी बरी झालो, माय. कधीचीच बरी झालो." माय खाली बसली आणि म्हणाली, "तिथं कोण पाहीन वं तुही नखं?"

बहिणीनं मायच्या हातातून बाटली हळूच सोडवली आणि एकेक नख रंगवलं. डाव्या करंगळीशी थांबली. "हे कोरं ठेवतो," म्हणाली. "तुह्यासाठी."

माहेरी आली की उंबरठ्यावरच ती करंगळी पुढे करायची, माय बघायची, मग पाणी. शेवटच्या आजारात मायला दिसेनासं झालं. चाचपडत ती करंगळी धरून विचारायची, "गुलाबी आहे ना वं?" "आहे, माय." ती करंगळी तशीच हातात धरून माय गेली.

माय गेल्यावर काही महिन्यांनी बहीण आली. नखं रंगवलेली, डावी करंगळी कोरी. मी म्हटलं, आता तरी रंगव तेवढं, पाहणारी गेली. तिनं हात माझ्यापुढे धरला.

मी चष्मा शोधून आणला आणि उजेडात नेऊन पाहिलं. तेव्हापासून मीच पाहते.