साळवेकाकांना मी नको म्हणालो तो कॅमेरा

लग्नघरात पोचल्यावर साळवेकाका आधी नवरीकडे कधीच जायचे नाहीत. जयभीम, नमस्कार, सलाम, ज्याला जे लागू पडेल ते करत ते घरातली म्हातारी माणसं शोधायचे. कोपऱ्यात खुर्चीवर बसवून ठेवलेली आजी, बाजेवर आडवे झालेले आजोबा. त्यांना हाताला धरून खिडकीपाशी आणायचे, मागे कोरी भिंत आहे ना बघायचे आणि प्रत्येकाचा एकट्याचा एकच फोटो काढायचे. "सरळ बघा. हसायची गरज नाय, नुसतं बघा." तोवर नवरीची मामी हळद सुकायला लागली म्हणून माझ्या नावानं ठणाणा करत असायची.

माझ्या नावानं, कारण आम्ही जोडीनं काम करायचो. काका फोटो काढायचे, मी व्हिडिओ. उस्मानपुऱ्यात त्यांचं एका शटरचं दुकान होतं, पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनचं. त्यातच मागे माझं टेबल. बावीस वर्षं आम्ही एका स्कूटरवरून लोकांची लग्नं उरकली. स्कूटर तेच चालवायचे, त्यामुळे बायकोच्या तोंडापेक्षा मी त्यांची पाठच जास्त बघितली असेल.

त्या एकट्या फोटोंचं कारण मला सुरुवातीला कळलं नव्हतं. ऑर्डरमध्ये ते नसायचेच आणि अल्बममध्ये लावले तर पार्टी काढायला लावायची. मग वर्ष-दीड वर्षानं कुणीतरी मुंडण केलेला माणूस दुकानाच्या पायरीवर उभा राहायचा. वडिलांचा हार घालायला फोटो हवा असायचा आणि घरात असायचा तो ग्रुपमधला, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. काका त्या लग्नातला तो एकटा फोटो शोधून द्यायचे. कुणी फार आभार मानायला लागलं तर म्हणायचे, "नवरदेवाचे तर समदेच काढत्यात."

म्हाताऱ्या माणसांना मात्र हे न सांगता समजायचं. चिकलठाण्याच्या एका आजीनं फोटोला बसताना पदर डोक्यावर घेतला आणि काकांना म्हणाली, "नीट आलाय का बघ बाबा. लई दिवस भिंतीवर राहायचंय मला." मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी पदराची एक बाजू जरा खाली ओढली आणि आता ठीक आहे म्हणाले.

अडचण सुरू झाली ती लॉन्समुळे. बीड बायपासला एकामागून एक लॉन्स निघाली, लग्नं संध्याकाळची झाली आणि खिडकी हा प्रकारच संपला. निळे-जांभळे दिवे स्टेजवर फिरत असायचे आणि म्हातारी माणसं मागच्या रांगेत अंधारात. फ्लॅश मारला की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे पटकन मिटायचे, पाणी यायचं. म्हणून काका त्यांच्यावर फ्लॅश मारायचे नाहीत. आणि त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याचा उजेड टिपणारा सेन्सर छोटा. अंधारात त्याला ताण दिला की फोटोभर दाणे उठायचे.

पैठणच्या एका लग्नातल्या आजोबांचा फोटो असाच आला. तीन महिन्यांनी त्यांचा मुलगा एसटीनं आमच्याकडे आला. फोटो मोठा केला तर चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा दिसायला लागला. काकांनी तासभर कॉम्प्युटरवर खटपट केली. दाणे घालवले तर आजोबा मेणाचे वाटायचे, ठेवले तर ओळखू यायचे नाहीत. मुलगा शांत माणूस होता. "चालतंय, काका," म्हणाला आणि तोच फोटो घेऊन गेला. ते "चालतंय" काकांना फार लागलं. त्या दिवशी त्यांनी डबासुद्धा उघडला नाही.

तेव्हापासून फुलफ्रेम कॅमेरा त्यांच्या डोक्यात बसला. त्याचा सेन्सर मोठा असतो, त्यामुळे कमी उजेडातही चेहरा स्वच्छ येतो. किंमत आमच्यासारख्यांनी विचारूही नये अशी. दर रविवारी सकाळी काका गुलमंडीजवळच्या कॅमेऱ्याच्या दुकानात जायचे, तो मागून घ्यायचे, दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यावर रोखायचे, एकदा बटण दाबायचे आणि परत द्यायचे. दुकानदार भला होता, बसायला खुर्ची द्यायचा. मी चिडवायचो, की काका, इतक्यांदा बघायला जाताय, मुलगी पसंत आहे की नाही ते एकदाचं कळवून टाका. "पसंत हाय रे," ते म्हणायचे, "पण घर मोठं हाय तिचं."

फर्दापूरच्या एका लग्नाला मात्र त्यांनी तो कॅमेरा दिवसभरासाठी भाड्यानं आणला. मांडवाच्या मागे, स्वयंपाक चालला होता तिथे एका ट्यूबच्या उजेडात नवरदेवाची पणजी बसली होती. काकांनी तिचा फोटो काढला आणि अख्खा मांडव तुडवत माझ्याकडे आले. कॅमेऱ्याची मागची बाजू माझ्या नाकासमोर धरली. एकेक सुरकुती, कानातल्या बुगडीचा मोती, सगळं आलं होतं. "दिनकर, बघ. डोळ्यातलं पाणी बी आलंय." मी छान म्हणालो आणि वायर गुंडाळत राहिलो. पहाटेपासून उभा होतो, कंबरेचा भुगा झाला होता, मला फक्त कुठंतरी टेकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना फुलंब्रीला चहाला थांबलो. काकांनी कप हातात धरला आणि एकदम विचारलं, "घ्यावा का रे? तू हो म्हण, आजच घेतो."

मी हो म्हणालो नाही. तुमच्या जुन्या लेन्स त्याला चालणार नाहीत, म्हणालो, त्याही नव्या घ्याव्या लागतील. वजन जास्त आहे आणि तुमचा खांदा आधीच दुखतो. साठी उलटली, अजून किती सीझन करणार. आणि ज्या फोटोंसाठी घेताय ते तर कुणी मागतही नाही. आवाज चढवला नाही, मायेनंच बोललो. काकांनी चहा बशीत ओतला आणि तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "व्हय. तू म्हणतो ते बरोबर हाय."

पुढच्या रविवारी ते गुलमंडीला गेले नाहीत, त्यानंतरही कधी नाहीत. संध्याकाळच्या लग्नांत म्हाताऱ्यांकडे जाणंही हळूहळू सुटलं. गेटमधून आत आले की सरळ स्टेजकडे चालायला लागायचे. सगळे मुहूर्त वेळेवर टिपले जाऊ लागले, पार्ट्या खूश झाल्या. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

मी सांगितलेलं एकही कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण मी सांगितलंच नव्हतं. काकांनी तो कॅमेरा घेतला असता तर त्यांच्या फोटोशेजारी माझा व्हिडिओ मळका दिसला असता. मग मलाही नवा घ्यावा लागला असता, सगळं नव्यानं शिकावं लागलं असतं. मी थकलो होतो. पंचेचाळिशीतच या धंद्याला विटलो होतो. ते एकसष्टाव्या वर्षी पुन्हा सुरुवात करायला निघाले होते आणि मला तेच सहन झालं नाही. माझा थकवा मी त्यांच्या वयाच्या नावावर खपवला. आता तसलाच कॅमेरा माझ्या गळ्यात आहे. पार्टी आधी तेच विचारते, म्हणून घ्यावा लागला. शिकायला आठ दिवस लागले.

फुलंब्रीच्या त्या चहानंतर तीनेक वर्षांनी काकांच्या किडन्यांनी दगा दिला. दवाखान्यात भेटायला गेलो ते आज खरं कारण सांगूनच टाकायचं असं ठरवून. काकू त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. मी स्टूल ओढून बसलो, घसा साफ केला, तर काकाच काकूंना सांगायला लागले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"ह्यानं त्या कॅमेऱ्याला नको म्हणलं ते लई बरं केलं. दुसरा कुणी असता तर मला खूश कराया हो म्हणला असता. माझा खरा इचार ह्यानंच केला."

काकूंनी माझ्याकडे बघून हात जोडले. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मी काकांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि काकूंना चहा आणायला गेलो. चार दिवसांनी काका गेले, मी त्यांच्या भल्याचंच बोललो होतो या समजुतीत.