मी आईला आफ्रिकेत धाडलं

महाडला दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या साहित्य मंडळाचं वाचन असे. वाचनालयाचा वरचा मजला, वीस-पंचवीस डोकी, चारला सुरुवात आणि साडेपाचला चहा. रिवाज असा की, वाचायचं लिखाण आठवडाभर आधी अध्यक्षांच्या घरी पोचवायचं. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. ते समासात लाल पेनाने शेरे मारत आणि ज्याला होकार मिळेल तोच रविवारी वाचे. आम्ही पोटापाण्याला लागलेली बाप्ये माणसं, पण वही परत घ्यायला त्यांच्या ओटीवर उभं राहिलं की पुन्हा शाळकरी पोरं व्हायचो.

मी तिथेच एका कचेरीत कारकून होतो. गाव पोलादपूरच्या पलीकडे, आणि गावाबाहेर आमची बौद्धवाडी. त्या वर्षांत शाळांतून मुलांना शिजवलेली खिचडी द्यायला सुरुवात झाली आणि गावच्या शाळेतलं शिजवायचं काम आईला मिळालं. पहिल्याच दिवशी गावातली एकूण एक पोरं घरून डबा घेऊन आली. वाडीतली सात-आठ पोरं तेवढी जेवली. आई शाळा सुटेपर्यंत पडवीत भरल्या टोपापाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन महिने ती रोज शिजवत होती आणि रोज तशीच बसत होती. मग कुणीतरी अर्ज केला, काम गावातल्या बाईकडे गेलं आणि डबे आपोआप बंद झाले.

ही गोष्ट मी लिहिली. वही परत आली तेव्हा शेरा होता, "तळमळ आहे, पण आपल्या भागात आता असं राहिलेलं नाही." पुन्हा लिहून दिली. या खेपेला, "कटुता टाळावी." माझ्या आईचे दोन महिने म्हणजे यांना कारल्याची भाजी वाटली होती!

त्याच सुमारास मंडळाने जगाचं साहित्य वाचायचं ठरवलं आणि खंड वाटून घेतले. युरोप वकिलांनी घेतला, अमेरिका डॉक्टरांनी. आफ्रिका माझ्या वाट्याला आली. "तुम्हाला ते जवळचं वाटेल," अध्यक्ष अगदी प्रेमाने म्हणाले. मला जे समजायचं ते समजलं.

पण खोटं कशाला बोलू, जवळचं वाटलंच. महाडच्या मोहल्ल्यातला माझा एक मित्र सौदीत ट्रक चालवायचा. त्याच्या खोलीतल्या एका नायजेरियन माणसाने मागे सोडलेली इंग्रजी कथांची दोन पुस्तकं त्याने मला आणून दिली. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ती वाचली. ते लेखक आपल्या आईची चूल, बापाचा मार, गोऱ्या पाद्र्याचा माज सरळ लिहीत होते, कुणाच्या ओटीवर उभं न राहता. मला त्यांचा हेवा वाटला. तीन महिने मी एकेक कथा मराठीत करून वाचली आणि मंडळी प्रत्येक वेळी हळहळली. दुरून डोंगर साजरे म्हणतात. दुरून दुःखही साजरंच दिसतं.

चौथ्या महिन्यात मी डाव केला. आईचीच गोष्ट घेतली. खिचडीच्या जागी मक्याचा घाटा घातला, गावच्या शाळेच्या जागी मिशनची शाळा, आणि वाडीच्या जागी नदीपलीकडची हलकी समजली जाणारी जमात. आईला परकं नाव दिलं आणि आफ्रिकन लेखकही मनानेच रचला. लाल पेन कुठेच उठलं नाही. बेत पक्का होता. वाचून झालं की सांगायचं, ही बाई पोलादपूर तालुक्यातली आहे, माझी आई आहे, आणि ती बघा मागच्या रांगेत बसली आहे. त्यासाठीच तर तिला बोलावलं होतं. "तुझी गोष्ट वाचणार हाय, ये," एवढंच सांगितलं होतं. ती ठेवणीतलं पातळ नेसून आली.

वाचन संपलं तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. "माणूस माणसाशी इतकं क्रूर वागू शकतो!" ते म्हणाले. "वाटतं, जाऊन त्या माउलीचे पाय धरावेत." टाळ्या थांबेनात. मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडे मायेने बघत होते. इतक्या वर्षांत तसं कुणी बघितलं नव्हतं. मी "आभारी आहे" म्हणालो आणि खाली बसलो. लिहिताना लाज वाटते, पण त्या टाळ्या मला गोड लागल्या.

चहाच्या वेळी एक बाई आईला म्हणाल्या, "आफ्रिकेत किती भयंकर असतं ना हो, मावशी?" आईने कप तसाच खाली ठेवला. पुढे ती कथा मंडळाच्या वार्षिक अंकात आफ्रिकन कथा म्हणून छापली गेली. अनुवादक म्हणून खाली माझं नाव आहे.

त्या संध्याकाळी आम्ही पोलादपूरच्या एस.टी.त बसलो. आई म्हणाली, "त्या बाईला माझं नाव का नाय दिलंस रे?"

"सांगणार होतो गो आई. उभा राह्यलो होतो, बघितलंस ना?"

"बघितलं. बसलास ते पन बघितलं." ती खिडकीबाहेर बघत होती. "मी दोन महिनं त्या टोपापाशी बसले, सगळ्या गावाच्या देखत. कुनी खाल्लं नाय, तरी तोंड लपवलं नाय. तुला ही माझी आई हाय, एवढं बोलायला जमलं नाय?"