मोठेबाबांची कुजबुज

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे मोबाईल बिघडो की टीव्ही, विचारणा माझ्याकडेच येते. माईक निवडायचं कामही तसंच आलं. खरं तर मला एका कार्यशाळेत ऐकलं तेवढंच ठाऊक होतं.

आमच्याकडे चौघांची दंडार, म्हणजे गाण्या-वाजवण्याची मंडळी आहे. बाबा गातात, एक काका ढोलकी आणि दुसरे टाळ वाजवतात. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, चोनका वाजवतात. एका तारेचं ते वाद्य काखेत धरून ते बाबांच्या मागे बसतात आणि पुढची ओळ हळूच त्यांच्या कानाशी सांगतात. बाबांचा गळा मोठा, पण ओळी लक्षात राहत नाहीत, आणि लिहून दिल्या तर वाचता येत नाहीत. दिवाळीआधी मोठेबाबा मुलाकडे रायपूरला कायमचे जाणार होते. दिवाळीनंतरच्या जत्रेत, म्हणजे मंडईत, बाबांना त्यांच्याशिवाय गायचं होतं. म्हणून हे रेकॉर्डिंग.

फुलचूरच्या साउंडवाल्याने "स्टेज पे यही चलता है" म्हणत तीन हातमाईक दिले. जवळ असावा म्हणून कॉलेजातून सरांना विचारून एक कंडेन्सर माईकही आणला. तो नाजूक, दूरचंही ऐकणारा. म्हणूनच मला तो नको वाटत होता.

ओसरीत हातमाईक लावले.

"काऊन वो पोरी, एवढे माईक कायले?" ढोलकीवाले काका म्हणाले. "आमी का भाषण देऊन राहिलो का?"

"तुह्या ढोलकीले तर एकही नोको," मोठेबाबा म्हणाले. "बिना माईकची राइस मिलपर्यंत जाते."

बाबांचा माईक मी अगदी तोंडाशी ठेवला, मोठेबाबांची कुजबुज त्यात येऊ नये म्हणून. गाणं स्वच्छ आलं. मला बरं वाटलं. बाबांनी इयरफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"दादाचं बोलणं कुठी गेलं?"

"ते टाळलं मी, बाबा. रेकॉर्डिंग खराब होते ना त्यानं."

"माहंच गाणं मी कायले ऐकू? तो सांगते, मंग मले येते. मले थेच पायजे."

मी हातमाईक काढले आणि कंडेन्सर ओसरीच्या आढ्याला बांधून बाबांच्या मागे, मोठेबाबांच्या डोक्याच्या जरा वर लोंबता सोडला. चौघं नेहमीसारखे गोल बसले. दुसऱ्या वेळी सगळंच आलं. कोंबड्या, शेतातली मोटर, आईच्या बांगड्या. ढोलकी जरा दूरची वाटत होती. आणि प्रत्येक ओळीआधी मोठेबाबांचा बारीक आवाज. एका जागी तर ते कुजबुजत रागावलेही: "घाई नोको करू. थांब. आता."

तो भाग कापू का, असं मी विचारलं.

"राहू दे," बाबा म्हणाले.

मोठेबाबा गेल्यावर धानाची कापणी सुरू झाली. शर्टाच्या खिशात मोबाईल आणि कानात वायर घालून बाबा वाकलेले असत. मध्येच विळा थांबे, ते काहीतरी ऐकत, आणि मग त्यांचा आवाज बांधापलीकडे जाई.

मंडईत त्यांच्या मागची जागा रिकामीच ठेवली होती. तिसऱ्या गाण्यात बाबा अडले. सवयीने मान मागे वळली. काका ढोलकीवर तोच ठेका फिरवत राहिले. बाबांनी डोळे मिटले, घाई केली नाही, थांबले.

मग ओळ आली.