दुसऱ्या माणसाचं सामान

कोर्पी जंक्शनमधली निम्मी माणसं हेल्वी कंगासला टरकून असत, आणि ऑक्टोबर उजाडला की तीच माणसं आपापल्या पिकअप हिवाळ्याला सज्ज करून घ्यायला तिच्या शेडपुढे उभी राहत. बाई सहासष्ट वर्षांची, अंगाने आटोपशीर, तोंडाने फटकळ. कुणी विचारलं की जुनी बॅटरी यंदा चालेल का, तर ती म्हणे, "चालेल की. नाही चालली तर तू चालशील." चौतीस वर्षं तिने कोर्पीहून पाइक लेकपर्यंत टपाल नेलं होतं. ब्याण्णव किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. मध्ये स्प्रूसच्या झाडांचं रान, गोठलेली तळी आणि घर एकही नाही. फोनसुद्धा त्या रस्त्यावर मुका होतो. उणे चाळीसातही आपण फेरी चुकवली नाही, याचा तिला गर्व होता आणि तो लपवण्याचे कष्ट ती घेत नसे.

स्वतःच्या गाडीचं काम मात्र ती शेडचं दार लावून करी. इंजिनात पातळ तेल भरायचं, रेडिएटरमधलं पाणी कितीत गोठेल ते काचेच्या नळीने बघायचं, खिळ्यांचे टायर चढवायचे. दारांच्या रबराला सिलिकॉन पुसायचं, नाहीतर दार असं चिकटतं की हँडल हातात येतं. मागची चाकं घसरू नयेत म्हणून हौद्यात वाळूची पोती, इंजिनाला गार वारा लागू नये म्हणून पुढच्या जाळीवर पुठ्ठा. इंधनाच्या टाकीत स्पिरिटची बाटली, नळीत पाणी गोठू नये म्हणून. हे सगळं झालं की शेवटी सीटमागची पत्र्याची पेटी भरायची. त्यात कांबळं, लोकरी मोजे, जाड हातमोजे, काडेपेटी, चॉकलेट आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात उभी केलेली जाड मेणबत्ती. गाडी बंद पडली तर त्या मेणबत्तीच्या उबेवर माणूस सकाळपर्यंत तग धरतो.

हेल्वीच्या पेटीत हे सगळं दोन-दोन असे. नवरा ओन्नी होता तोवर चिडवायचा, कुणाला पळवून नेणार आहेस म्हणून. त्यावर ती गप्प राही. हेल्वी उलट बोलत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं ओन्नीला कळत होतं. पण पुढे विचारायची त्याची छाती झाली नाही, आणि न विचारताच तो गेला.

एप्रिलात पेटी रिकामी करताना ती दुसरं सामान बाजूला काढून बघे. हिवाळाभर तिने त्याला बोट लावलेलं नसे. तरी मेणबत्ती बोटभर उरलेली असे. कांबळं दमट, त्याला राळेचा आणि ओल्या लोकरीचा वास. काडेपेटीतल्या दहाबारा काड्या कमी. हातमोज्यांचे अंगठे ताणलेले, कुणीतरी मोठा हात त्यात घातल्यासारखे. ओन्नी म्हणाला होता, उंदीर. पहिल्या वर्षी तिनेही तेच धरून चालायचं ठरवलं, पण उंदीर काडी ओढत नाहीत. पुढे तिने तीन गाड्या बदलल्या, पेटीही बदलली, एप्रिलमधली तऱ्हा काही बदलली नाही. ती मुकाट्याने नवं सामान आणून भरत राहिली.

कारण सामान कुणाचं, ते तिला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एकसष्टाव्या किलोमीटरवर, खडीच्या खाणीच्या वळणापाशी, अर्व्हो निस्कानेनची गाडी बंद पडली. इंधनाच्या नळीत पाणी गोठलं होतं आणि वारा सुटला होता. दुसऱ्या दिवशी बर्फ काढणाऱ्या माणसांना तो सापडला, गाडीपासून दोन किलोमीटर पुढे, पाइक लेकच्या दिशेला. टपालाची गाडी वारा सुटायच्या आधीच पुढे गेली असणार, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं. हेल्वी त्या रात्री पाइक लेकलाच अडकून होती. परत आल्यावर तिने गावाला तसं समजू दिलं.

खरं असं, की तिने अर्व्होला पाहिलं होतं आणि ती थांबली नव्हती. उभ्या गाडीला ओलांडून जायचं नाही, हा त्या रस्त्याचा एकच नियम. नवख्यांना तो दरडावून शिकवणारी तीच. त्यानंतरही ती आठवड्यातून तीनदा त्या वळणावरून गेली. एकसष्ट आलं की वेगाच्या पेडलवरचा तिचा पाय आपोआप दाबला जाई आणि शेजारच्या बाजूची काच आतून गोठे. हीटर कितीही सोडला तरी बासष्टपर्यंत ती निवळत नसे.

यंदा डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू पिकला, डॉक्टरने गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. एक नोव्हेंबरपासून टपालाचा रस्ता आणि त्याबरोबर हेल्वीची पिकअप दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जायची होती. मग ते नाव कळलं. सेन्या निस्कानेन. अर्व्होची मुलगी, बाप गेला तेव्हा आठ वर्षांची, आता सत्तावीस. पोर लहान होती तेव्हापासून हेल्वी तिच्यासाठी पाइक लेकहून काहीबाही आणत आली होती. गावाला ते प्रेम वाटे. प्रेम होतंच, पण नुसतं प्रेम नव्हतं. आता पोरीला खरं सांगावं, तर तिच्या मनातून कायमचं उतरायचं. न सांगावं, तर त्या वळणावरून तिला एकटीला धाडायचं, आणि तिथे कोण वाट बघतं ते फक्त आपल्याला ठाऊक.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळीच सेन्या शेडमध्ये आली. येताना वेलदोड्याचा गोड पाव घेऊन आली. तिला सगळं स्वतःच्या हाताने शिकायचं होतं. हात चलाख होता तिचा. दुपारपर्यंत टायर चढले, पोती रचून झाली. ती पुठ्ठा बांधत होती तेव्हा हेल्वीने विचारलं, "पुठ्ठा बांधतेयस की वेणी घालतेयस?"

"तुम्ही शिकवलंत तसं करतेय, मावशी. वाईट झालं तर नाव तुमचं जाईल."

हेल्वी हसली आणि हसता हसता तिचं लक्ष चुकलं. पेटीतलं दुसरं सामान आधीच काढून ठेवायचं तिने आदल्या दिवशी ठरवलं होतं, पण हात धजला नव्हता. सेन्याने सीट पुढे पाडली, पेटीचं झाकण उघडलं, एकेक वस्तू वर काढली आणि विचारलं, दोन-दोन कशाला? असू दे, हेल्वी म्हणाली. सेन्या दुसरा डबा उचलून उजेडात घेऊन गेली.

"ही वापरलेली आहे, मावशी."

दोन्ही मेणबत्त्या हेल्वीने गुरुवारी आणल्या होत्या, कागद स्वतःच्या हाताने सोलला होता. आता एकीची वात काळी होती. ती अर्ध्यावर आली होती आणि वरचं मेण अजून मऊ होतं. बाहेर बर्फाचा कणही पडलेला नव्हता. इतकी वर्षं अर्व्हो निदान हिवाळ्याची वाट तरी बघायचा.

हेल्वी वाळूच्या उरलेल्या पोत्यावर बसली.

"सेन्या, तुझ्या बापाला मी बघितलं होतं."

मग तिने सांगितलं, काही न सजवता. चार वाजले होते, अंधारून आलं होतं, तिला उशीर झाला होता. गाडीचे इशाऱ्याचे दिवे उघडझाप करत होते. "तो आत बसला होता. मला बघून त्याने हात वर केला."

"आणि?"

"या रस्त्यावर सगळेच हात करतात ग. मीही केला. वाटलं, ठीक आहे म्हणतोय, जा म्हणतोय. खोटं कशाला बोलू? तसं वाटून घेतलं मी. हात केला आणि गेले."

सेन्या डब्यात बघत राहिली. मग तिने एवढंच विचारलं, की वळणाच्या पुढे तुमच्या गाडीचे मागचे दिवे त्याला कुठवर दिसले असतील.

"रस्ता सरळ आहे तिथे," हेल्वी म्हणाली. "दोन किलोमीटर."

अर्व्हो सापडला होता तोही तेवढ्याच अंतरावर. सेन्याने डबा होता तिथे ठेवला, झाकण लावलं आणि निरोप न घेता ती निघून गेली.

रविवारी हेल्वीने सवयीने वाफेच्या स्नानाचा सौना तापवला आणि आत गेलीच नाही. गावात बातमी फुटेल, कुणीतरी येऊन दारात थुंकेल, याची ती वाट बघत होती. कुणी आलं नाही. तेच तिला जास्त झोंबलं. पाव तसाच टेबलावर पडून होता.

सोमवारी उजाडताच टपालाचा कोट घातलेली सेन्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"चला. पहिली फेरी आहे, रस्ता दाखवा."

त्या रस्त्यात दाखवण्यासारखं काय होतं? जाणारा एक, येणारा तोच. हेल्वीने निमूटपणे कोट चढवला आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या रस्त्याला बाजूच्या सीटवर बसली. रात्री पहिलं बर्फ पडून गेलं होतं.

साठ गेलं तशी हेल्वीच्या बाजूची काच आतून पांढरी व्हायला लागली. तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला, पण तिथे पेडल नव्हतं. वळणावर सेन्याने गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं, इशाऱ्याचे दिवे लावले. वारा नव्हता. खाणीपासून रस्त्यापर्यंत बर्फावर पाऊल म्हणून उमटलेलं नव्हतं.

"मध्ये सरका, मावशी."

"का?"

"तिघांची सीट आहे."

हेल्वी सरकली. सेन्याने तिच्या अंगावरून वाकून पलीकडचं, उजवं दार उघडलं आणि बाहेर ढकलून दिलं. गारठा आत शिरला. दोघी समोर बघत बसून राहिल्या. धिप्पाड माणसाला वर चढायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. मग गाडी त्या अंगाला हलकीच कलली. राळेचा आणि ओल्या लोकरीचा वास आला, आणि हेल्वीच्या उजव्या खांद्याला काहीतरी गार, जड, दमलेलं येऊन टेकलं. ती भ्याली, अगदी लहान पोरासारखी भ्याली. सेन्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ती आवाज न करता रडत होती.

"दार तुम्ही लावा," ती म्हणाली. "मी नाही."

उजवीकडे बघायचा धीर हेल्वीला झाला नाही. तिने न बघताच हात लांब करून हँडल धरलं. तोंडून शब्द आले ते गावातल्या कुणालाही ती ज्या सुरात दटावायची त्याच सुरात.

"पाय आत घे, अर्व्हो. दार लावते."